पानवेलीसाठी टायमर

केजच्या बसस्टँडमागे माझं दुकान होतं. रेडिओ, टीव्ही, स्टॅबिलायझर आणि नंतर नंतर विजेवर चालणारं जे काही लोक घेऊन येतील ते सगळं. पहिल्यांदा येणारा माणूस काउंटरवर टीव्ही ठेवायचा, माझ्याकडे बघायचा, मग माझ्या पाठीमागे बघायचा आणि विचारायचा, "मेकॅनिक कुठं गेलाय?"

"इथंच आहे. काय झालंय टीव्हीला?"

पुढची पाच मिनिटं त्याचं लक्ष टीव्हीपेक्षा माझ्या हातांवर जास्त असे. आयटीआयला आमच्या बॅचमध्ये मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे या नजरेची मला सवय होती. माझे यजमान एसटीत कंडक्टर. त्यांना साधा फ्यूज बसवता येत नसे आणि ही गोष्ट ते बसमधल्या प्रवाशांना मोठ्या कौतुकाने सांगत. माझी निम्मी जाहिरात त्यांनीच केली.

नव्वदीतली ती वर्षं वस्तूंची होती. ज्या घरात रेडिओसुद्धा नव्हता तिथे थेट रंगीत टीव्ही येऊ लागला. केबल आली, गच्च्यांवर डिश बसल्या, आणि लोकांच्या डोक्यात अशी एक कल्पना शिरली की विजेवर काहीही करता येतं. त्यांच्या या कल्पनेतूनच मी टायमर बनवायला लागले. कुणाला कूलरची मोटार थांबून थांबून चालवायची असे, कुणाला पिल्लांच्या पेटीतला दिवा. एका पुढाऱ्यांनी तर बंगल्यासमोरच्या कारंज्याला टायमर लावून घेतला. पाहुणे फाटकातून शिरताना कारंजं उडालं पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. पाहुणे कधीच वेळेवर यायचे नाहीत आणि कारंजं कधी चुकायचं नाही. शेवटी त्यांनी बटण दाबायला एक माणूस बसवला आणि टायमर फार चांगला आहे असं चारचौघांत सांगत राहिले.

टायमर म्हणजे जादू नाही. कपॅसिटर नावाचा एक भाग असतो, तो विजेचा तांब्या समजा. त्यात वीज सोडणारी एक तोटी असते. तांब्या भरला की मोटार बंद, रिकामा झाला की परत चालू. तोटी बारीक केली की तांब्या भरायला वेळ लागतो. माझी सगळी विद्या म्हणजे एवढंच. या विद्येची घमेंड मला किती होती, ते नांदूरघाटच्या आप्पांच्या गच्चीवर कळलं.

शिवलिंगआप्पा नांदूरघाटला किराणा दुकान चालवायचे. मुलाकडे दुकान सोपवून मोकळे झाले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा. मार्च महिन्यात एका सकाळी ते माझ्या दुकानात आले आणि मेकॅनिक कुठं आहे असं न विचारणाऱ्या मोजक्या माणसांत जाऊन बसले.

"बाई, मला एक घड्याळ पायजे. दहा सेकंद मोटार चालली पायजे, मग पाच मिनिटं गप्प. परत दहा सेकंद. दिवसभर."

"कूलरसाठी का?"

"न्हाई. मुळांसाठी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आप्पांनी खिशातून एक झेरॉक्स काढून काउंटरवर पसरली. पुण्याच्या जावयाने कुठल्याशा इंग्रजी मासिकातली दोन पानं पाठवली होती. चित्रात एक बंद खोकं होतं. वरच्या झाकणाला भोकं, भोकांत रोपं, आणि खाली अंधारात मुळं लोंबकळत होती. माती कुठेच नव्हती. खोक्यातल्या नळीतून मुळांवर धुक्यासारखा फवारा मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. थांबलं की मुळांना हवा मिळते, मारलं की पाणी मिळतं. जास्त मारलं तर मुळं सडतात, कमी मारलं तर वाळतात.

"पण माती का नको, आप्पा?"

"मातीतच तर रोग हाय," ते म्हणाले आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

त्यांची बायको, महानंदाकाकू, धर्मापुरीची. काकूंच्या वडिलांचा तिथे पानमळा होता. पान लहान, पातळ, तोंडात टाकलं की चोथा उरत नाही असं. लग्न होऊन येताना काकूंनी त्यातली एक वेल आणून नांदूरघाटच्या घरी न्हाणीच्या कडेला लावली. दोन वर्षांपूर्वी धर्मापुरीच्या मळ्याला मर लागली. हा रोग मातीतून येतो, वेल बुडाशी काळी पडते आणि उभी सुकते. अख्खा मळा बसला. त्या जातीची वेल आता फक्त न्हाणीच्या कडेला उरली होती, आणि तिचीही एक बाजू पिवळी पडू लागली होती. वरच्या निरोगी भागाची कांडी काढून, मातीला न लावता मुळं फोडायची, आणि मग ती नव्या स्वच्छ जागेत नेऊन लावायची, असा आप्पांचा बेत होता.

"तिच्या माहेरचं तेवढंच उरलंय," ते म्हणाले आणि झेरॉक्सची घडी घातली.

मला ते काम फार आवडलं. टीव्हीच्या पट्ट्या सोल्डर करून कंटाळलेल्या बाईला असं काम वर्षातून एकदा मिळतं. मोटार म्हणून मी गाडीच्या काचेवर पाणी मारणारी छोटी मोटार वापरली. ती थोडा वेळ चालण्यासाठीच बनलेली असते आणि बॅटरीवर चालते, त्यामुळे लाइट गेली तरी काळजी नाही. भंगारातल्या जीपची बॅटरी आप्पांनी मिळवली. आप्पांच्या दुकानातलं चहाचं लाकडी खोकं, आत काळं प्लॅस्टिक, वर थर्माकोलचं झाकण, फवारणीच्या पंपाची दोन नोझलं. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली पोत्यांचा आडोसा केला. बारा कांड्या झाकणाच्या भोकांतून आत सोडल्या आणि टायमर सुरू केला. हातातलं घड्याळ धरून मी सगळ्यांसमोर मोजलं. बरोबर दहा सेकंद. आप्पांनी टाळी वाजवली. काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, त्यांनी पदर सारखा केला आणि खाली चहा ठेवायला गेल्या.

काकू कमी बोलत. तिसऱ्या दिवशी बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने नोझल बंद पडलं, तेव्हा ते लिंबाच्या रसात बुडवून ठेवायचं त्यांनीच सुचवलं. दुसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्या आपण होऊन जवळ आल्या.

"बाई, सकाळी ती मोटार थोडाच येळ चालती. दुपारी लई येळ चालती."

"नाही हो काकू. घड्याळ लावून सेट केलंय."

"मी मोजते ना. सकाळी सात येळा ओम नमः शिवाय म्हणून होतं तवर थांबती. दुपारी तीस झालं तरी चालूच."

मी हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. म्हटलं, "दुपारी उन्हात तुम्ही नाव भरभर घेत असाल." आणि मनगटावरचं घड्याळ पुढे करून सकाळच्या गारव्यात पुन्हा मोजून दाखवलं. दहा सेकंद. आप्पा म्हणाले, "मशीन चुकत न्हाई, माणूस चुकतो." बॅटरी संध्याकाळपर्यंत फार उतरते, असंही ते त्याच दिवशी म्हणाले होते. मी म्हटलं, भंगारातली आहे, उतरणारच.

पंधराव्या दिवशी झाकण उचललं तर बारापैकी एकाही कांडीला मूळ नव्हतं. बुडं काळी, बुळबुळीत. वास येत होता. आप्पा वाकून एकेक कांडी बघू लागले. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि मी जे बोलले ते मला आजही आठवतं.

"कुणी झाकण उघडत होतं का मधनंमधनं?"

काकू म्हणाल्या, "मी बघायची. सकाळ-संध्याकाळ."

"मग तेच झालं. बाहेरचा हात लागला, बुरशी आत गेली. असं उघडायचं नसतं, काकू."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. रागाने नाही, पण त्या पाहण्याने मलाच खाली बघावंसं वाटलं. त्या दिवशी त्यांनी गच्चीच्या दाराला दुकानातलं जुनं कुलूप लावलं आणि किल्ली कडदोऱ्याला अडकवली. काकू खाली निघून गेल्या. मी टायमर तपासून आणते म्हणून पिशवीत घातला आणि एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोजलं, दहा सेकंद. पुन्हा मोजलं, दहाच. मग काय मनात आलं कोण जाणे, मी तो टायमर दुकानाबाहेर उन्हात, पत्र्यावर ठेवला आणि दुपारी दोन वाजता मोजायला बसले. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. मोटारीच्या जागी जोडलेला दिवा चव्वेचाळीसाव्या सेकंदाला विझला.

कपॅसिटर जुना होता. नवा संपला होता, बीडला जायचा कंटाळा केला आणि एका मोडीत निघालेल्या टीव्हीतून काढलेला बसवला. असा जुना कपॅसिटर तापला की पाझरतो. तांब्यालाच बारीक भोक पडल्यावर तो भरायला वेळ लागणार. सकाळी गार असताना सगळं बरोबर, दुपारी गच्चीवर चौपट पाणी. कांड्या सडल्या त्या माझ्या कंटाळ्यामुळे, आणि काकूंनी ते नाव घेत घेत मोजून मला सांगितलं होतं.

मी त्याच दिवशी बीडला जाऊन नवा कपॅसिटर आणला. हे सगळं आप्पांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. परत गेले तेव्हा म्हटलं, "थोडं सेटिंग बदललंय." कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. बाईमाणसाच्या दुकानाची एक चूक गावभर फिरते, पुरुषाच्या दहा चुका कुणी मोजत नाही, वगैरे. ती कारणं खोटी नव्हती. पण गच्चीच्या दारावरचं कुलूपही खरं होतं.

आप्पांनी न्हाणीजवळच्या वेलीवरून आणखी आठ कांड्या काढल्या. त्याहून जास्त काढल्या असत्या तर वेलच राहिली नसती. पिवळेपणा आता वरच्या पानांपर्यंत चढला होता. म्हणजे या आठ गेल्या की सगळं संपलं.

या खेपेला सड नव्हती, पण एप्रिल तापायला लागला होता. पाच मिनिटांचा थांबा दुपारी जास्त होऊ लागला. आप्पा एसटीडी बूथवरून फोन करायचे, "बाई, पानांनी मान टाकली." मी दुसऱ्या दिवशी जाऊन थांबा तीन मिनिटांवर आणायची. मग वळवाचे ढग यायचे, हवा दमट व्हायची आणि कांड्यांची बुडं ओलीच राहायची. मी परत जाऊन थांबा वाढवायची. आठवड्यात चार खेपा झाल्या. यजमान म्हणाले, "तू आता नांदूरघाटचा पासच काढ."

खरी अडचण मला समजत होती. खोक्यापाशी असा कुणीतरी हवा होता ज्याला वेल बघून कळतं की तिला तहान लागलीय की पोट भरलंय. आप्पा प्रेमाने बघत, पण त्यांना पिवळं आणि हिरवं एवढंच दिसे. ज्यांना कळत होतं त्या खाली स्वयंपाकघरात होत्या, आणि वर यायला त्यांना परवानगी नव्हती.

चौथ्या खेपेला मी गच्चीवर गेलेच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले. काकू परातीत पीठ मळत होत्या.

"काकू, पहिल्या खेपेला तुमच्यामुळे काही सडलं नव्हतं. माझा पार्ट खराब होता. दुपारी मोटार चौपट चालत होती. तुम्ही बरोबर मोजलं होतं."

त्यांनी पिठातले हात काढले नाहीत. "मला ठाऊक व्हतं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलले व्हते की. तुमी घड्याळ दाखवलं."

त्यांनी गोळा उलटला, वर पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? ह्यांना सांगा. मी सांगणार न्हाई."

ओसरीवर आप्पा पेपर वाचत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. कपॅसिटर, जुना टीव्ही, बीडला जायचा कंटाळा, उन्हात पत्र्यावर मोजलेले चव्वेचाळीस सेकंद, आणि हे कळून वीस दिवस झाले तेही. आप्पांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हे मला टायमरसकट घालवून देतील. घालवलं असतं तरी चाललं असतं.

"वीस दिवस," ते म्हणाले.

"हो."

"आन मी तिला कुलूप लावलं."

ते उठले, कडदोऱ्याची किल्ली सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ती परातीशेजारी ठेवली. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पिठाचे हात हायेत. खुंटीला लावा." आप्पांनी किल्ली खुंटीला लावली. माझ्याशी ते त्या दिवशी पुढे बोलले नाहीत. जेवायला मात्र थांबवून घेतलं. गरम भाकरी, दोडक्याची भाजी. मी नको म्हटलं तरी काकू वाढत होत्या.

जेवणानंतर आम्ही दोघी वर गेलो. काकूंनी झाकण उचललं, एक कांडी हळूच वर घेतली, पानाचा देठ दोन बोटांत धरला.

"हिला आत्ता पाणी पायजे. ह्या कोपऱ्यातलीला नको. पानमळ्यात माझा बाप रोज पाणी द्यायचा, पर थोडं थोडं. ऊन बघून द्यायचा. तुमचं मशीन कावून ऊन बघत न्हाई?"

प्रश्न बिनतोड होता. मी टायमरला बाहेरून फिरवायची खुंटी बसवली, म्हणजे थांबा कमी-जास्त करणं त्यांच्या हाती आलं. खुंटीभोवती नेलपॉलिशने तीन खुणा केल्या. कडक ऊन, ढगाळ, आणि रात्र. उन्हाला अडीच मिनिटांचा थांबा, ढगाला सहा, रात्रीला पंधरा. हे आकडे माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. काकू देठ चाचपायच्या, सांगायच्या, मी मोजून खूण करायची.

मग माझ्यातल्या मेकॅनिकने पुन्हा डोकं वर काढलं. उजेड ओळखणारा एक छोटा भाग मिळतो. तो बसवला की ऊन वाढलं तर थांबा आपोआप कमी होतो. मी तो मोठ्या ऐटीत पत्र्याच्या कडेला बसवला. दुसऱ्याच दिवशी काकूंनी शेजारी जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या आणि वाऱ्याने धोतराचं टोक उडून त्या भागावर पडलं. मशीनला वाटलं रात्र झाली. भर बाराला पंधरा-पंधरा मिनिटं मोटार गप्प. काकूंचं लक्ष होतं म्हणून कांड्या वाचल्या. संध्याकाळी फोनवर त्या म्हणाल्या, "बाई, ते शहाणं काढा. आपली खुंटीच बरी." मी काढलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणाने बोलले. "या. बघून जा."

काकूंनी झाकण उचललं. आत पांढरी मुळं. दोऱ्याइतकी बारीक, त्यांवर आणखी बारीक लव, कापसासारखी. आठपैकी सहा कांड्यांना. ती लव म्हणजे पाणी आणि हवा दोन्ही बरोबर मिळत असल्याची पावती असते, असं झेरॉक्समध्ये लिहिलं होतं. मोटार चालू झाली, फवारा उडाला, थांबला. काकूंचे ओठ हलत होते. मी विचारलं, "किती झालं?"

"सात," त्या म्हणाल्या.

मोटार थांबली तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं नाही.

पाऊस स्थिरावल्यावर ती सहा रोपं धर्मापुरीला न्यायची ठरली. न्हाणीच्या कडेची वेल तोवर पूर्ण सुकली होती. काकूंच्या भावाने जुन्या मळ्यापासून दूर, जिथे कधी पान लावलं नव्हतं अशा तुकड्यात शेवरीची झाडं आधाराला उभी केली होती. आप्पांनी मलाही बरोबर घेतलं. जीपमध्ये सहा रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून काकूंच्या मांडीवर होती, आणि वाटेतल्या एका देवळाजवळच्या खड्ड्यांत त्या ती दोन्ही हातांनी धरून ठेवत होत्या.

बांधावर काकूंच्या भावाने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"टायमरवाल्या बाई," काकू म्हणाल्या. "हिनंच घोळ घातला, हिनंच कबूल केला, आन हिनंच निस्तरला."

माझ्या कामाचं इतकं चोख प्रमाणपत्र मला त्याआधी किंवा नंतर कुणी दिलं नाही. आप्पा मान फिरवून हसले. भावाला त्यातलं काय समजलं माहीत नाही, पण त्याने गोणपाटातलं एक रोप उचलून माझ्या हातात दिलं. "मग एक तुमी लावा."

मी लावलं. जन्मात मी सोल्डरिंगची तार सोडून दुसरं काही इतकं जपून धरलं नसेल.

पुढे काही वर्षांनी बाजारात तयार टायमर आले, एका डबीत बसणारे, आणि माझं ते काम बंद पडलं. धर्मापुरीचा मळा मात्र वाढला. सहापैकी चार वेली जगल्या, आणि त्या चारांवरून पुढचा सगळा मळा झाला. आप्पा केजला आले की दुकानात डोकावायचे. एकदा चहा पिता पिता त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं की ज्या दोन गेल्या, त्यांतली एक मी लावलेली होती.

काकूंनी हे मला कधीच सांगितलं नाही. भेट झाली की त्या कमरेच्या चंचीतून पानांची जुडी काढायच्या, माझ्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, तुमच्या येलाचं पान हाय."